शंकरराव चव्हाण आणि गोदावरीचे पाणी



शाळेतल्या एखाद्या मुलाने गुरुजींना विचारले, की आमदार म्हणजे कोण, तर गुरुजी चटकन सांगतील, लोकांनी निवडून दिलेला माणूस. पण मुलगा जरा चौकस असला आणि त्याने पुढे विचारले, की निवडून दिल्यावर हा माणूस करतो तरी काय, तर मात्र आपण थोडे अडखळतो. सभा, हारतुरे, उद्घाटने, असे काहीबाही सांगून आपण वेळ मारून नेतो. म्हणून आज मी तुम्हांला आपल्या नांदेडच्या एका लोकप्रतिनिधीची हकिगत सांगणार आहे. ते आमदार होते, मंत्री होते, दोन वेळा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, दिल्लीला गृहमंत्री आणि अर्थमंत्रीही झाले. या पदांची यादी पाठ्यपुस्तकात मिळेल. आपण आज एकच गोष्ट धरून चालू या, आणि ती म्हणजे पाणी. शंकरराव भाऊराव चव्हाण या माणसाने गोदावरीच्या पाण्यासाठी काय केले, त्यातले काय साधले आणि काय अजून साधायचे आहे, एवढेच पाहू.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० चा, आणि गाव पैठण. गोदाकाठचे पैठण, एकनाथ महाराजांचे पैठण. पुढे ज्या गावाशी त्यांचे सर्वांत मोठे काम जोडले गेले, तेच त्यांचे जन्मगाव असावे, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी मद्रास विद्यापीठाची पदवी घेतली आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. वकिलीत त्यांचे बरे चालले असते. पण तो काळच तसा नव्हता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. बाकीचा देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, तरी इकडे रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. स्वामी रामानंद तीर्थांनी हाक दिली आणि शेकडो तरुणांनी शाळा, नोकरी, वकिली सोडली. शंकरराव त्यांतलेच एक. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, आणि या पिढीपुढे नवा प्रश्न उभा राहिला. राज्य तर आपले झाले, आता त्या राज्याचे करायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शंकररावांनी नांदेडच्या नगरपालिकेत शोधायला सुरुवात केली. ते नांदेडचे नगराध्यक्ष झाले. नळ, गटार, दिवाबत्ती, रस्ते, असे हे काम. वरून पाहणाऱ्याला किरकोळ वाटते, पण लोकांचा पैसा कसा खर्चावा आणि हिशेब कसा द्यावा, याची शाळा तीच. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पाटबंधारे आणि वीज ही खाती आली. आपल्या हकिगतीला खरी सुरुवात येथून होते.

आता थोडा नकाशा डोळ्यांसमोर आणा. गुरुजींनी तर फळ्यावरच काढावा. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, नाशिक-नगरच्या मुलुखातून खाली येते, पैठणवरून जालना, बीड, परभणीच्या शिवांतून नांदेडला येते आणि धर्माबादच्या पुढे तेलंगणात जाते. दुसरी आपली मांजरा. ती बीडच्या बालाघाटात उगम पावते, लातूरच्या अंगाने वाहते, कर्नाटकात शिरते आणि शेवटी गोदावरीला मिळते. म्हणजे नद्यांच्या बाबतीत आपण दरिद्री नाही. मग पाणी का नाही?

त्याचे एक कारण जमिनीत आहे. गोदावरीचे पात्र आपल्याकडे खोल. पावसाळ्यात दरडी भरून पाणी निघून जाते, आणि काठावरचा शेतकरी उन्हाळ्यात त्याच नदीकडे वरून पाहत बसतो. दुसरे कारण इतिहासात आहे. निजाम सरकारने मोठी धरणे बांधलीच नाहीत असे नाही. मांजरेवरच निजामसागर बांधला, १९२३ ते १९३१ च्या दरम्यान. पण तो बांधला खाली, निजामाबाद जिल्ह्यात. पाऊस पडावा बीड-लातूरवर आणि पाटाचे पाणी खेळावे निजामाबादच्या भातात, असा तो प्रकार. गोदावरीवर धरण बांधण्याची एक योजना संस्थानच्या काळातही होती. बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी या गावाजवळ ते व्हायचे होते. पण ते कागदावर राहिले.

महाराष्ट्र झाल्यावर ही योजना पुन्हा हातात घेतली गेली, आणि धरणाची जागाच बदलली. जायकवाडीऐवजी बरेच वर, पैठणला धरण बांधायचे ठरले. असे का, तर पाणी उताराने जाते. धरण जितके उंचावर, तितकी कालव्याखाली येणारी जमीन जास्त. म्हणूनच आज तुम्ही पाहाल, की धरण पैठणला आणि नाव मात्र जायकवाडी. जागा हलली, जुने नाव चिकटून राहिले. जलाशयाला मात्र नाथांचे नाव दिले, नाथसागर.

ही गोष्ट बोलायला सोपी वाटते, पण मंडळी, ती सोपी नव्हती. धरण वर बांधायचे म्हणजे जास्त गावे पाण्याखाली जाणार. पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतली शंभराहून अधिक गावे बाधित झाली. त्यांतल्या शेतकऱ्यांची काळीभोर गाळाची जमीन गेली. शिवाय वरच्या अंगाला नाशिक-नगरचे जुने कालवे होते, साखर कारखाने उभे राहत होते. खाली एवढा मोठा साठा केला, तर उद्या आपल्या पाण्यावर हक्क सांगितला जाईल, अशी धास्ती तिकडे होतीच. आणि ज्या मराठवाड्यासाठी हे करायचे, त्याचा आवाज मुंबईत तेव्हा कितीसा होता? अशा वेळी पाटबंधारे खात्याच्या खुर्चीत मराठवाड्याचा माणूस बसलेला होता, आणि तो फाईल वाचल्याशिवाय सही करणारा नव्हता. याचे मोल येथे कळते.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला पायाभरणी झाली. पाकिस्तानशी युद्ध नुकतेच थांबले होते आणि देशात धान्याचा तुटवडा होता. 'जय जवान, जय किसान' ही घोषणा नवी होती. काम दहा वर्षे चालले. २४ फेब्रुवारी १९७६ ला पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले, तेव्हा शंकरराव स्वतः मुख्यमंत्री होते. २१ फेब्रुवारी १९७५ ला त्यांनी शपथ घेतली होती. या पदावर बसलेला मराठवाड्याचा तो पहिला माणूस.

धरण केवढे, ते ऐका. लांबी सुमारे १० किलोमीटर. एकूण साठा सुमारे १०२ अब्ज घनफूट, म्हणजे वर्तमानपत्रांत ज्याला टीएमसी म्हणतात ते. त्यांतले सुमारे २६ तळाचे मृत पाणी, कालव्यात येऊ न शकणारे. उरते ते सुमारे ७६. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, जालना-परभणीकडे जाणारा. उजवा १३२ किलोमीटर, शेवगाववरून बीड जिल्ह्यात माजलगावकडे उतरणारा. केवढी तरी कोरडवाहू जमीन, जिथे बाजरी-ज्वारीशिवाय दुसरे पीक ठाऊक नव्हते, तिथे पाट आला.

जायकवाडीखेरीज पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली. त्यांचे पाणी परभणी, हिंगोली, नांदेडला मिळाले. नांदेडजवळ विष्णुपुरीचा प्रकल्प उभा राहिला. तो उपसा पद्धतीचा आहे. मघाशी सांगितले ना, की गोदावरी आपल्याकडे खोल वाहते? तेव्हा नदीला बांध घालून पाणी अडवायचे आणि पंपांनी वर चढवून कालव्यात सोडायचे, ही त्यातली युक्ती. तिथल्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात. नांदेड शहराला पिण्याचे पाणी तिथूनच मिळते.

आता एक गोष्ट अशी सांगतो, की जिचा पुतळा कुठे नाही आणि जिच्यावर कोनशिला नाही. धरण बांधले म्हणजे पाणी आपले झाले असे नसते. नदी दोन राज्यांतून वाहत असेल तर खालचे राज्य विचारते, आमचे काय? गोदावरीच्या पाण्याचा वाद सोडवण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला. आंध्रने खाली पोचमपाडला धरण बांधायला घेतले होते, आणि त्याचे फुगवट्याचे पाणी नांदेड जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत येणार होते. लवादापुढे वर्षानुवर्षे भांडत बसण्यापेक्षा राज्यांनी आपापसांत करार करावेत, असे ठरले. महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात ६ ऑक्टोबर १९७५ रोजी करार झाला. तेव्हा मुख्यमंत्री शंकररावच होते.

त्या करारात काय होते? पैठण धरणापर्यंत गोदावरीचे आणि सिद्धेश्वरापर्यंत पूर्णेचे जे काही पाणी येईल, ते सगळे महाराष्ट्राने वापरावे. आणि त्याच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या टापूत, महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी आणखी ६० अब्ज घनफूट पाणी घ्यावे. हे करार लवादाच्या अंतिम निवाड्यात जसेच्या तसे आले. पुढे धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा बांधायला घेतला, तेव्हा आंध्रने हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला. महाराष्ट्राला २.७४ अब्ज घनफूट पाणी साठवायला परवानगी मिळाली, अट एवढीच, की १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. त्या वेळी न्यायालयात महाराष्ट्राच्या हातात जो आधार होता, तो याच ६० अब्ज घनफुटांचा. अडतीस वर्षांपूर्वी लिहिलेली एक ओळ उपयोगी पडली! म्हणून म्हणतो, की लोकप्रतिनिधीचे काम सभेत जेवढे दिसते, त्याहून जास्त अशा कागदांत असते.

हे काम करायला स्वभाव लागतो. शंकररावांना लोक 'हेडमास्तर' म्हणत. काही प्रेमाने म्हणत, काही वैतागून. वेळेवर यायचे, तयारी करून यायचे, बिनकामाचे बोलायचे नाही. खर्चाच्या बाबतीतही तेच. १९८६ साली ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. म्हणजे गेल्या वर्षी एवढे दिले म्हणून यंदा थोडे वाढवून द्या, ही रीत बंद. प्रत्येक खात्याने शून्यापासून सांगायचे, की हा पैसा कशाला हवा. घरातल्या कर्त्या बाईला हे नवीन वाटणार नाही, पण सरकारी खात्यांना ते फार जड गेले.

याच काळात त्यांनी पाण्याच्या बाबतीत जे ठरवले, ते माझ्या मते त्यांचे सर्वांत धाडसाचे काम. आपल्याकडे पाणी आले की पहिला विचार कशाचा येतो? उसाचा! त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. उसाला कारखाना आहे, भाव ठरलेला आहे, गारपिटीत तो ज्वारीसारखा झोडपला जात नाही. पण ऊस बारा महिने उभा, आणि बारा महिने तहानलेला. ढोबळ हिशेबाने एक एकर उसाला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात चार-पाच एकर रब्बी ज्वारी निघते. मग कालव्याच्या तोंडाशी असलेल्या थोड्यांनी ऊस लावायचा आणि शेपटाकडच्या पुष्कळांनी कोरडी चारी पाहत बसायचे, हे कितपत बरे? वि. म. दांडेकर आदी तज्ज्ञांच्या समितीने १९७९ मध्ये सुचवले होते, की कालव्याचे पाणी आठच महिने द्यावे, खरीप आणि रब्बी हंगामांना, आणि ते जास्तीत जास्त शेतकऱ्यांत वाटावे. हा अहवाल बरीच वर्षे पडून होता. १९८७ साली शंकररावांच्या सरकारने आठमाही सिंचनाचे धोरण स्वीकारले.

त्याला विरोध होणार हे उघड होते. राज्यातली साखर कारखानदारी हे त्यांच्याच पक्षाचे मोठे बळ. १९८८ च्या जूनमध्ये ते मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला अर्थमंत्री म्हणून गेले, आणि आठमाहीचे धोरण कागदावर राहिले तरी शेतावर नीट उतरले नाही. ऊस वाढतच गेला. आपल्या मराठवाड्यातही वाढला. त्याचा परिणाम लातूरकरांना सांगायला नको. सलग अवर्षणांनी धनेगावचे मांजरा धरण आटले, आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे तीच गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. सगळा दोष उसाचा होता असे कोणी म्हणू नये, पाऊसच नव्हता. पण जे थोडे होते ते कुठे गेले, हा प्रश्न तरी विचारलाच पाहिजे की नाही?

शंकररावांचे सगळेच गोड होते असे सांगितले तर ते हेडमास्तरांनाही रुचणार नाही. त्यांचे पहिले मुख्यमंत्रिपद आणीबाणीच्या काळातले. त्या दिवसांत विरोधी पक्षांचे किती तरी कार्यकर्ते, आपल्या मराठवाड्यातलेही, तुरुंगात होते, आणि राज्याचे प्रमुख म्हणून ती जबाबदारी त्यांच्यावर येतेच. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा देशाचे गृहमंत्री तेच होते, आणि केंद्राने वेळीच पावले उचलली नाहीत ही टीका त्यांनाही ऐकावी लागली. जायकवाडीचे विस्थापित हीसुद्धा हिशेबातली बाकीच आहे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, त्यांच्याच कारकिर्दीत. देशात असा कायदा करणाऱ्यांत आपण पुढे होतो. पण नाथसागर तोपर्यंत भरू लागला होता. ज्यांच्या जमिनी आधी गेल्या, त्यांना कायदा उशिरा आला. दुसऱ्याच्या शिवारात पाणी यावे म्हणून ज्यांनी आपले शिवार दिले, त्यांची आठवण पाटाचे पाणी घेणाऱ्या प्रत्येकाने ठेवावी.

आणि जायकवाडीचे आज काय चालले आहे? धरण बांधले तेव्हा जेवढे पाणी येईल असे धरले होते, तेवढे पुष्कळ वर्षी येत नाही, कारण वर नाशिक-नगरकडे धरणे वाढली. १९७५ च्या कराराने पैठणपर्यंतचे पाणी महाराष्ट्राचे झाले, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ते कोणी किती घ्यावे, हे त्यात नव्हते. ते ठरवायला २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा व्हावा लागला. समन्यायी वाटप हा शब्द त्यातला. टंचाई असेल तर ती सगळ्यांनी सारखी सोसावी, असा त्याचा साधा अर्थ. १९ सप्टेंबर २०१४ ला प्राधिकरणाने आदेश दिला, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून हिशेबाने पाणी सोडावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले. तरी पाऊस कमी झाला, की दर दिवाळीच्या सुमारास हे भांडण नव्याने उभे राहते.

शंकररावांना मराठवाड्यात 'आधुनिक भगीरथ' म्हणतात. नाव चांगले आहे. पण पुराणातल्या भगीरथाला गंगा आणल्यावर पाळीपत्रक करावे लागले नव्हते! आपल्याला करावे लागते. पाणी आणणे हे एका माणसाच्या जिद्दीने होऊ शकते. पाणी वाटणे हे गावाच्या शहाणपणाशिवाय होत नाही.

म्हणून गुरुजनांना एक विनंती. नागरिकशास्त्राचा तास वर्गात जितका रंगतो, त्याहून चारीच्या काठावर अधिक रंगेल. मुलांना एकदा घेऊन जा. चारी कुठून निघते, शेपटापर्यंत पाणी पोचते का, शेजपाळी कोण ठरवतो, पाणीपट्टी किती, नमुना ७ चा अर्ज कोण भरतो, हे त्यांना पाटकऱ्यालाच विचारू द्या. जिथे कालवा नाही, तिथे विहिरींची पातळी मोजायला लावा. आणि गावात मते मागायला कोणी आले, तर तुम्ही शेतकरी बांधवांनीही विचारा, बाबा रे, आमच्या तालुक्याला किती पाणी मंजूर आहे, किती मिळते, आणि उरलेल्यासाठी तू सभागृहात काय करणार? ज्याला आकडा सांगता येईल, त्याने अभ्यास केला आहे असे समजा.

शंकरराव २६ फेब्रुवारी २००४ रोजी गेले. त्यांचे चिरंजीव अशोकराव पुढे मुख्यमंत्री झाले. वडील आणि मुलगा दोघांनीही ते पद सांभाळल्याचे महाराष्ट्रातले हे पहिलेच उदाहरण. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला शंकररावांचे नाव आहे, चौकात पुतळा आहे. हे सगळे असू द्या. पण आठमाहीचा जो धडा या हेडमास्तरांनी फळ्यावर लिहून ठेवला, तो आपण अजून पाटीवर उतरवून घेतलेला नाही. तेवढा उतरवून घेऊ या.